चाळीस पौंडांचा हिशेब

जून १९५१. फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने तीन नव्याकोऱ्या सी-टाइप गाड्या उतरवल्या होत्या. एकीत एकवीस वर्षांचा स्टर्लिंग मॉस आणि जॅक फेअरमन, दुसरीत लेस्ली जॉन्सन आणि इटलीचा क्लेमेंते बियाँदेत्ती, तिसरीत पीटर वॉकर आणि पीटर व्हाइटहेड. बियाँदेत्ती चालवत असताना ऑईल प्रेशरचा काटा खाली आला आणि ती गाडी शर्यतीतून बाहेर पडली. पुढे मॉसच्या गाडीचा कनेक्टिंग रॉड तुटला. दोन्हीकडे दुखणं एकच होतं. संपच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याच्या, आत पंपाकडून ब्लॉककडे तेल नेणारी नळी कंपनांनी तुटली होती. तिसऱ्या गाडीतली नळी टिकली. ती गाडी ताशी सुमारे दीडशे किलोमीटरच्या सरासरीने चोवीस तास पळाली आणि शर्यत जिंकली.

या गाड्यांचं इंजिन म्हणजे जॅग्वारचं प्रसिद्ध ‘एक्सके’. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात बॉम्बमुळे लागणाऱ्या आगींवर नजर ठेवायला रात्रपाळ्या असत. त्या पाळ्यांमध्ये बसून कंपनीचे मालक विल्यम लायन्स, मुख्य अभियंता विल्यम हेन्स, वॉल्टर हसन आणि क्लॉड बेली यांनी त्याची आखणी केली. सिलिंडर हेडमध्ये हॅरी वेस्लेकचा हात होता. १९४८ च्या लंडन मोटर शोमध्ये एक्सके १२० या गाडीतून ते लोकांसमोर आलं. सहा सिलिंडर, ३४४२ सीसी, हेडवर दोन कॅमशाफ्ट आणि क्रँकला सात मेन बेअरिंगं. पुढे ते ३.८ आणि ४.२ लिटरचं झालं, ई-टाइपच्या लांबलचक बॉनेटखाली बसलं, १९५१ ते १९५७ या काळात ल मान्स पाच वेळा जिंकलं, आणि डेमलरच्या लिमोझिनमध्ये थेट १९९२ पर्यंत चालू राहिलं. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार विकत घेतली, तेव्हा हा सगळा वारसा कागदोपत्री तरी मुंबईच्या पत्त्यावर आला.

एक्सके इंजिन उघडून पुन्हा बांधायला घेणाऱ्याला कारखान्याच्या पुस्तिकेतली एक ओळ पाठ असते. इंजिन गरम असताना, ३००० आरपीएमला, तेलाचा दाब चौरस इंचाला ४० पौंड. बार या एककात सांगायचं तर पावणेतीनच्या आसपास. गॅरेजमध्ये नुसतं ‘चाळीस पौंड’ म्हणतात. हे चाळीस पौंड मिळावेत म्हणून लोक काय काय करतात! जाड तेल ओततात, मोठा पंप लावतात, रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर सारून तो ताठ करतात. यातल्या बहुतेक उपायांनी काटा वर जातो. इंजिन वाचतंच असं नाही. कारण चाळीस हा आकडा औषधाचा डोस नाही. इंजिनातल्या सगळ्या फटी मिळून जे उत्तर देतात, तो आकडा म्हणजे ते उत्तर.

पंप दाब तयार करतो, हा समज इथे आधी बाजूला ठेवावा लागतो. एक्सकेचा पंप गिअरचा असो किंवा नंतरचा रोटरचा, तो एका फेरीला ठरावीक तेल पुढे ढकलतो. क्रँक दुप्पट वेगाने फिरली की तेलही दुप्पट. त्या तेलाला पुढे वाट अडलेली असेल तर दाब तयार होतो. वाट मोकळी असेल तर काहीच होत नाही, तेल नुसतं वाहून जातं. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी पहिल्या मजल्यावरचे चार नळ एकदम उघडले की कसं मरगळतं, ते आठवा. टाकी तीच, पाइप तोच, बाहेर पडायच्या वाटा तेवढ्या वाढलेल्या. इंजिनातले नळ म्हणजे सात मेन बेअरिंगं, सहा बिग एंड (कनेक्टिंग रॉडची क्रँककडची बेअरिंगं), दोन्ही कॅमशाफ्टची बेअरिंगं आणि टायमिंग चेनच्या भागाकडे जाणारं तेल. हे नळ कधीच पूर्ण बंद नसतात, आणि असूही नयेत. बेअरिंगच्या दोन्ही कडांनी तेल सतत सांडत राहायला हवं, कारण तिथली उष्णता तेच घेऊन जातं.

मग चाळीस पौंडांवर क्रँक तरंगते का? हाही एक गोड गैरसमज. सिलिंडरमध्ये मिश्रण पेटतं तेव्हा बेअरिंगवर काही टनांचा भार येतो. चाळीस पौंडांच्या दाबाने तो पेलणं शक्यच नाही. हा भार कोण पेलतं याचं उत्तर मोटारगाडी रस्त्यावर येण्याआधीच मिळालं होतं. १८८३ च्या सुमारास बोशँप टॉवर नावाचा अभियंता लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. तेल घालायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरू लागला तसं तेल त्या भोकातून उलट वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. मग त्याने तिथे दाबमापक बसवला, तर काटा २०० पौंडांची शेवटची खूण ओलांडून गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र चौरस इंचाला १०० पौंडच होता. हा जास्तीचा दाब कोणत्याही पंपातून आलेला नव्हता. फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढत होता आणि ते तेलच आसाला उचलून धरत होतं. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. आजही बेअरिंगचा अभियंता तिथूनच सुरुवात करतो.

म्हणजे पंपाचं काम पुरवठ्याचं. फटीत तेल कमी पडू द्यायचं नाही, आणि सांडलेल्याच्या जागी थंड तेल पोचवायचं. भार पेलणारा हजारो पौंडांचा दाब तेलाचा थर स्वतःच तयार करतो, क्रँक फिरते म्हणून. पुरवठा तुटला की सी-टाइपसारखं होतं. पुरवठा पुरेसा असेल, तर चाळीसऐवजी ऐंशी पौंड दाखवून बेअरिंगला विशेष फायदा होत नाही.

तरीही वेगवान इंजिनाला दाब जास्त लागतो, आणि त्यामागे एक मजेदार कारण आहे. बिग एंडला तेल क्रँकच्या आतल्या छिद्रांतून मिळतं. ते मेन बेअरिंगवर क्रँकमध्ये शिरतं आणि तिरक्या वाटेने क्रँक पिनकडे जातं. ज्या क्रँकमध्ये हे छिद्र मध्यरेषेतून आरपार जातं, तिथे तेलाला आधी परिघाकडून मध्याकडे, म्हणजे केंद्रोत्सारी बलाच्या विरुद्ध चढावं लागतं. एक्सकेचं मेन जर्नल, म्हणजे मेन बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा भाग, पावणेतीन इंच व्यासाचं आहे. तेवढ्या जर्नलमध्ये तेल मध्यापर्यंत चढवायला ३००० आरपीएमला सात-आठ पौंड पुरतात. ५५०० आरपीएमला मात्र पंचवीसेक पौंड तेवढ्यातच खर्च होतात. वेग दुप्पट झाला की हा खर्च चौपट होतो. अमेरिकेतल्या व्ही-८ इंजिनांच्या कारागिरांत हजार आरपीएममागे दहा पौंड असा ठोकताळा चालतो. त्याला काटेकोर गणिताचा आधार नाही, पण हा चढ लक्षात घेतला की तो अगदी वेडगळही वाटत नाही. जॅग्वारचे ३००० ला चाळीस म्हणजे त्याहून थोडे अधिकच.

आता फटींकडे वळू, कारण खरा हिशेब तिथेच आहे. सर्वसाधारण नियम असा की जर्नलच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे एक थाउ, म्हणजे इंचाचा एक हजारांश, एवढा क्लिअरन्स, म्हणजे फट, ठेवायचा. पावणेतीन इंची जर्नलला पावणेतीन थाउ, म्हणजे साधारण ०.०७ मिलिमीटर. या फटीतून सांडणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. सगळी मेख या घनातच आहे. अडीच थाउची फट झिजून साडेतीन झाली, तर ती चाळीस टक्क्यांनी वाढली असं वाटतं. पण १.४ चा घन २.७४ होतो, म्हणजे गळती पावणेतीनपट. सात मेन बेअरिंगांत प्रत्येकी एक थाउ वाढला, तरी पंप जुन्या फटींच्या हिशेबाने जेवढं तेल देत होता तेवढंच देतो, आणि मंद गतीला काटा खाली बसतो. उलटंही खरं आहे. दीड थाउवर घट्ट बांधलेलं इंजिन काट्यावर सुरेख दिसतं. मालक खूश होतो, आणि आत बेअरिंगला गार करायला पुरेसं तेलच वाहत नसतं. काट्यावरचा चांगला आकडा आणि बेअरिंगची चांगली तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कधी कधी त्या एकमेकींच्या विरुद्धही जातात.

तेलाचा घट्टपणा हा हिशेबातला दुसरा मोठा आकडा. जुन्या इंग्लिश गाड्यांना सहसा २०डब्ल्यू-५० वापरतात. चाळीस अंश सेल्सियसला ते जितकं घट्ट असतं, शंभर अंशांवर त्याच्या आठ-नऊ पट पातळ झालेलं असतं. एकशेवीसवर गेलं तर उरलेल्यातला आणखी तिसरा हिस्सा तरी गेलाच. म्हणून थंड इंजिनाचा काटा साठ-सत्तर दाखवतो त्याला काडीची किंमत देऊ नये. नागपूरच्या मे महिन्यात, सिग्नलला खोळंबलेल्या गाडीत दिसणारा आकडा आणि जानेवारीच्या सकाळी महाबळेश्वरला दिसणारा आकडा यांची तुलना करून इंजिन खोलायचं ठरवणं म्हणजे खिशाला उगाच भोक पाडणं. तेल कितपत तापलंय ते माहीत असेल तरच दाबाच्या आकड्याला अर्थ येतो. तेलाच्या तापमानाचा मीटर बहुतेक जुन्या गाड्यांत नसतोच. संपच्या ड्रेन प्लगच्या जागी एक सेन्सर बसवून घेणं हा मला सगळ्यात शहाणा खर्च वाटतो.

आणि इंजिन खोलण्याआधी काटा खरा बोलतोय का तेही पाहायला हवं. एक्सके १२० मध्ये तेल बारीक नळीतून थेट मीटरपर्यंत जायचं. साठच्या दशकातल्या जॅग्वारमध्ये विजेवर चालणारा सेंडर आला, आणि जुन्या गाड्यांच्या लोकांत त्याची ख्याती अशी की तो मूडप्रमाणे आकडा दाखवतो. सेंडरच्या जागी तात्पुरता यांत्रिक मीटर लावून, इंजिन अर्धा तास चालवून, गरम तेलावर आकडा घ्यायचा. कित्येक ‘दाब गेलेली’ इंजिनं या एका तपासणीनंतर ठणठणीत निघतात. त्यानंतर रिलीफ व्हॉल्व्ह पाहायचा. एक्सकेमध्ये तो फिल्टरच्या हेडमध्येच असतो. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो उघडतो आणि जास्तीचं तेल बाहेरच्या होजने संपमध्ये परत जातं. त्याच्या बैठकीत धातूचा कण अडकला, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब सगळ्याच वेगांना कमी दिसतो. बेअरिंगं झिजली असतील तर तक्रार वेगळी असते. थंडीत ठीक, गरम झाल्यावर आणि मंद गतीला घसरण. निदान बहुतेक वेळा या फरकावरच होतं.

इंजिन उघडावंच लागलं, की पहिलं मोठं काम साफसफाईचं. ते लेथवाल्यावर सोडून मोकळं होता येत नाही. एक्सकेच्या क्रँकमध्ये क्रँक पिनजवळची तेलाची छिद्रं स्क्रूच्या प्लगांनी बंद केलेली असतात. क्रँक फिरताना तेलातला जड कचरा, म्हणजे काजळी, धातूचा कीस, वाळूचे कण, केंद्रापासून दूर फेकला जातो आणि प्लगच्या मागच्या पोकळीत जाऊन घट्ट बसतो. डिझायनरांनी ही जागा कचरा साठायलाच ठेवली होती, आणि ती चोख काम करते. अडचण एवढीच की वीस-तीस वर्षांनी ती भरते. मग तिथे काळ्या मेणासारखा गोळा तयार होतो. प्लग तापवावे लागतात, कधी ड्रिल करून काढावे लागतात, म्हणून घाईतला मिस्त्री ते तसेच सोडतो. वर क्रँक ग्राइंडिंगला जाऊन आलेली असेल, तर ग्राइंडरच्या दगडाची बारीक भुकटीही त्याच पोकळीत शिरलेली असते. नवं इंजिन सुरू झालं, गरम तेलाने गोळा सैल झाला, की सगळा माल थेट नव्या बिग एंडच्या शेलवर, म्हणजे बेअरिंगच्या पातळ अस्तरावर.

यातली गंमत, किंवा धोका, असा की कचऱ्याने वाट बुजली तर काटा खाली येत नाही, थोडा वरच जातो. एक नळ बंद झाला की बाकीच्यांवर दाब वाढणारच. मीटर मुख्य गॅलरीतला, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेतला दाब मोजतो, त्या शेवटच्या पिनवर तेल पोचतंय का ते त्याला कळत नाही. चाळीस पौंड दाखवणाऱ्या इंजिनात तिसरा बिग एंड कोरडा जळत असू शकतो. म्हणून ब्लॉकमधल्या तेलाच्या गॅलरीचे सगळे प्लग काढायचे, आतून लांब ब्रश फिरवायचा, गरम पाणी आणि साबणाने धुवायचं, हवेने फुंकायचं आणि पुन्हा ब्रश फिरवायचा. सिलिंडर होन केल्यावर तर हे दुप्पट काळजीने. पांढरं फडकं आत घालून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. गाडीला ऑईल कूलर असेल आणि आधीचं इंजिन बेअरिंग उडून गेलेलं असेल, तर तो कूलर धुण्याच्या फंदात पडू नये, बदलूनच टाकावा. त्याच्या बारीक नळ्यांत अडकलेला कीस धुवून निघत नाही आणि महिन्याभराने बाहेर येतो.

मग मोजमाप. क्रँक घासून दहा, वीस किंवा तीस थाउ कमी करतात आणि तेवढेच जाड शेल बसवतात. शेलच्या खोक्यावरचा आकडा बरोबर असला म्हणून क्लिअरन्स बरोबर येतो, हे गृहीत धरायचं नाही. प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांना आणि दोन टोकांना मोजायचं. शेल घालून, कॅप नेमक्या टॉर्कने आवळून, आतला व्यास बोअर गेजने घ्यायचा आणि वजाबाकी करायची. जर्नल अंडाकृती आहे का, एका टोकाला निमुळतं आहे का, ते यातूनच समजतं. ज्यांच्याकडे गेज नाही ते प्लास्टिगेज वापरतात. ही मेणासारख्या प्लास्टिकची बारीक तार जर्नलवर आडवी ठेवायची, कॅप आवळायची, पुन्हा काढायची आणि चपटी झालेली तार किती रुंद झाली ते सोबतच्या कागदी पट्टीशी जुळवायचं. मध्ये क्रँक चुकूनही फिरवायची नाही. सरासरी फट तीवरून बरी कळते, अंडाकृतीपणा फारसा नाही. माझ्या मते ती मायक्रोमीटरची उलटतपासणी म्हणून चांगली, त्याच्या बदली नाही.

हे पातळ शेल वर्कशॉपमध्ये हातात घेताना त्यांच्या मागचा इतिहास कुणाला आठवत नाही. पूर्वी बेअरिंगचा मिश्रधातू थेट रॉडमध्ये ओतून हाताने खरवडत. कारखान्यातून तयार येणारे पातळ शेल ब्रिटनमध्ये आणले टोनी व्हँडरवेल या उद्योजकाने, अमेरिकन परवान्यावर. पुढे त्याने रेसिंगची टीम काढली. आपलं आडनाव आणि ‘थिनवॉल’ हे बेअरिंगचं नाव यांची सांधेजोड करून तिचं नाव व्हॅनवॉल ठेवलं, आणि १९५८ मध्ये फॉर्म्युला वनचं पहिलंवहिलं कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद तिनेच नेलं. बेअरिंग विकून वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकणारा माणूस विरळाच.

पंप उघडून पाहायला विसरायचं नाही. रोटरच्या पंपासाठी जॅग्वारची पुस्तिका तीन मापं देते. आतल्या आणि बाहेरच्या रोटरच्या पाकळ्यांमध्ये जास्तीत जास्त ०.००६ इंच, बाहेरचा रोटर आणि बॉडी यांच्यात ०.०१० इंच, आणि रोटरचा माथा व झाकण यांच्यात ०.००२५ इंच. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पंपाच्या सपाट तोंडावर सरळपट्टी ठेवून फीलर गेज सारला की कळतं. फट जास्त असेल तर गरम, पातळ तेल पंपाच्या आतच मागे फिरतं, पुढे जातच नाही. जुन्या पंपाची बॉडी काळजीपूर्वक घासून ही फट कमी करता येते. झाकणावर रोटरने गोल चरे पाडले असतील तर तेही सपाट करून घ्यावं.

इथे मोह असतो जास्त तेल देणारा पंप लावायचा. तो बाजारात मिळतो, आणि तो बसवल्यावर मंद गतीचा आकडा खरंच सुधारतो. पण क्लिअरन्स बरोबर असेल तर वरच्या वेगाला जास्तीचं सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून संपमध्ये परत जातं. ते ढकलायला लागलेल्या ताकदीची उष्णता होते आणि ती तेलातच राहते. तेलात हवा जास्त घुसळली जाते, पंप फिरवणाऱ्या तिरक्या गिअरवर भार येतो. फटी मोठ्या ठेवलेल्या रेसिंगच्या इंजिनाला तो पंप हवाच, कारण तिथे जास्त तेल खरोखर सांडतं. शनिवार-रविवारी लोणावळ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीला नाही. स्प्रिंगखाली वॉशर सारण्याबद्दल तर काय बोलावं? रिलीफ व्हॉल्व्ह मिटलेला असताना त्याच्या स्प्रिंगचा दाबाशी काही संबंधच नसतो. मंद गतीला तो मिटलेलाच असतो, म्हणजे जिथे आकडा कमी दिसतोय तिथे वॉशरचा शून्य उपयोग. तो थंड इंजिनात मात्र दाब भलता वाढवतो, आणि फिल्टरचं सील फाटायची सोय होते. फिल्टरवरून आठवलं, एक्सकेच्या फिल्टर हेडमध्ये आणखी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. फिल्टर तुंबून आत-बाहेरच्या दाबात दहा-पंधरा पौंडांचा फरक पडला, की तो उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जाऊ देतो. घाण तेल चालेल, कोरडं बेअरिंग नको, एवढा साधा हिशेब. म्हणजे तुंबलेल्या फिल्टरची बातमीही काटा देत नाही.

संप लावण्याआधी पंपाकडे येणाऱ्या आणि पंपातून जाणाऱ्या नळ्यांना हात लावून पाहायचा. त्या हलता कामा नयेत, त्यांचे आधार घट्ट हवेत, आणि ओ-रिंग नव्या. तेल खेचणाऱ्या बाजूला जराशी हवा शिरली, तरी पंप फेस ढकलू लागतो, आणि फेसाचा थर भार पेलत नाही. जोरात वळणं घेणाऱ्या गाडीत तेल एका बाजूला धावतं, पिकअप उघडा पडतो, आणि अगदी त्याच वळणावर काटा लटपटतो. १९५४ च्या डी-टाइपमध्ये जॅग्वारने ड्राय संप आणला. तेल वेगळ्या टाकीत ठेवायचं, म्हणजे वळणात ते पळत नाही आणि इंजिनही खाली बसवता येतं. रस्त्यावरच्या गाडीला आतले पडदे शाबूत असलेला संप पुरेसा आहे.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी तेल सगळीकडे पोचवणं हा वेगळा सोहळा. अमेरिकन व्ही-८ मध्ये डिस्ट्रिब्युटर काढून, त्या भोकातून सळई घालून, ड्रिलने पंप फिरवता येतो. एक्सकेमध्ये पंपाचा गिअर क्रँकशी गुंतलेला असल्याने तितकं सोपं नाही. म्हणून दाबाच्या छोट्या टाकीतून, मीटरच्या जोडातून, थेट गॅलरीत तेल भरतात आणि क्रँक हाताने सावकाश फिरवत राहतात. मागच्या बाजूने हेडकडे जाणाऱ्या नळीचा बँजो बोल्ट सैल करून तिथपर्यंत तेल आलं का ते बघायचं, आणि मग नवे तांब्याचे वॉशर घालून आवळायचं. हे साधन नसेल तर सगळे स्पार्क प्लग काढून स्टार्टरने थोडं थोडं फिरवायचं, काटा उठेपर्यंत. बांधताना बेअरिंगला लावलेलं जाड असेंब्ली ल्युब तेवढा वेळ काढून देतं.

इंजिन पेटल्यावर काही सेकंदांत दाब यायला हवा. नाही आला तर लगेच बंद. आला, की गरम होऊ द्यायचं, तेल ऐंशी-नव्वद अंशांवर गेलं की ३००० आरपीएमला आकडा लिहून ठेवायचा आणि मंद गतीचाही. मंद गतीला पंधरा-वीस पौंड दिसले तर अस्वस्थ होण्याचं कारण नाही, वेगाबरोबर काटा सरळ चढत असला म्हणजे झालं. पहिल्या सात-आठशे किलोमीटरला तेल बदलताना जुना फिल्टर फेकून द्यायचा नाही. त्याचा कागद कापून, पसरून, उन्हात धरायचा. लोखंडाची बारीक काळी भुकटी चुंबकाला चिकटते. ती रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना बसत असल्याची खूण, थोडी असली तर चालते. करडे चकचकीत पापुद्रे किंवा तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर निघून खालचा थर उघडा पडतोय. अशा वेळी काटा अगदी चाळीसवर असला, तरी संप उतरवायचा, एकेक बिग एंडची कॅप काढून शेल बघायचे आणि त्या रविवारच्या रॅलीला दुसऱ्याच्या गाडीत बसून जायचं.